यादीत नाव दिसतं, शोधलं की मिळत नाही: मराठी-कन्नड याद्यांवर स्क्रिप्ट चालवताना

सीमाभागात याद्यांचं काम करणाऱ्या प्रत्येकाकडे ही तक्रार फिरून फिरून येते. यादी वाचनालयाच्या सभासदांची असो, पतसंस्थेच्या ठेवीदारांची असो, की कारखान्याला ऊस घालणाऱ्यांची. कारकून सांगतो, "सर, नाव यादीत दिसायलंय, पण शोधलं की मिळंना." याचीच उलटी बाजूही नेहमीची आहे. एकाच माणसाचं नाव दोन-तीन वेळा येतं आणि डुप्लिकेट काढणारी स्क्रिप्ट ती सगळी नावं वेगळी मानते.

स्क्रिप्ट चुकलेली नसते. तिच्यासमोरची अक्षरमाला खरोखरच वेगळी असते, फक्त फाँट ती सारखी काढतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या याद्यांत हे जास्त होतं, कारण मजकूर तीन वाटांनी येतो: सरकारी कन्नडमधून, वेगवेगळ्या कीबोर्डवर टाइप केलेल्या मराठीतून, आणि डीटीपीच्या दुकानातल्या जुन्या फाँटमधून रूपांतर होऊन. प्रत्येक वाटेची स्वतःची खोड आहे. ती ओळखता आली की दुरुस्ती फारशी अवघड नाही. उदाहरणं पायथनची देतो, कारण असलं काम आपल्याकडे बहुतेक जण त्यातच करतात.

आधी आत काय आहे ते बघा

कोणतीही दुरुस्ती करायच्या आधी न जुळणारी दोन नावं घ्या आणि त्यातलं एकेक चिन्ह सुटं करून छापा. फॉर लूप, ऑर्ड आणि हेक्स एवढ्यात काम होतं. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक देणारं मानक; पुढे हे क्रमांक यू+ लावून दिले आहेत. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नेम फंक्शन वापरलंत तर प्रत्येक चिन्हाचं अधिकृत नावही समोर येतं. एवढं न करता रिप्लेस मारत सुटणं म्हणजे डेटाची नासाडी. त्यानंतर मूळ मजकूर काय होता हे कुणालाच सांगता येत नाही.

"बेळगाव" घ्या. आपण त्याला चार अक्षरं म्हणतो. पायथनचं लांबी मोजणारं लेन फंक्शन ६ सांगतं, कारण ब, एकाराची मात्रा, ळ, ग, काना, व अशी सहा चिन्हं आत आहेत. तोच शब्द यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर बाइटमध्ये साठवण्याची नेहमीची पद्धत) फाइलमध्ये १८ बाइट घेतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. चार, सहा, अठरा हे तिन्ही आकडे बरोबर आहेत. तुमची स्क्रिप्ट यातलं काय मोजते आणि तुम्हाला काय मोजायचं आहे, एवढंच स्पष्ट हवं.

डोळ्यातला र: सगळ्यात जास्त त्रास इथे

"दऱ्या", "वाऱ्यावर", "शेतकऱ्यांची", "कऱ्हाड", "गोऱ्हे". मराठीत हा र पावलोपावली येतो आणि तो साठवण्याच्या दोन रीती युनिकोडमध्ये ग्राह्य आहेत. पहिल्या रीतीत ऱ (यू+०९३१) आणि त्यापुढे हलन्त (यू+०९४डी). दुसऱ्या रीतीत साधा र (यू+०९३०), हलन्त, आणि त्यापुढे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर (यू+२००डी). पहिली रीत आयएससीआयआय या भारतीय मानकाशी सुसंगत राहण्यासाठी आहे, दुसरी युनिकोडच्या २.० आवृत्तीशी सुसंगत राहण्यासाठी. दोन्ही अधिकृत असल्यामुळे कुणा एकाला चूक म्हणता येत नाही.

दऱ्या आणि दर्‍या. ही दोन्ही रूपं इथून कॉपी करून तुमच्या स्क्रिप्टमध्ये टाका. पहिल्याची लांबी ५ येईल, दुसऱ्याची ६, आणि तुलना केली की उत्तर फॉल्स. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर ऱ ला स्वतंत्र कळ आहे, त्यामुळे तिथून टाइप केलेलं बहुधा पहिल्या रूपात असतं. जुनी फोनेटिक साधनं आणि फाँट कन्व्हर्टर यांच्यातून दुसरं रूप बरंच येतं. म्हणजे एकाच कार्यालयात दोन टेबलांवर दोन रूपं तयार होत राहतात.

इथे बहुतेकांना वाटतं की नॉर्मलाइज फंक्शनला एनएफसी (युनिकोड समतुल्य मानतं ती रूपं एकसारखी करण्याची ठरलेली रीत) सांगितलं की भागलं. भागत नाही. र आणि नुक्ता असं सुटं लिहिलेलं असेल तर एनएफसी ते जोडून ऱ करतं, तेवढा फायदा आहे. पण जॉइनरच्या रूपाला ते हात लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ती दोन रूपं समतुल्य नाहीत. त्याहून सैल असलेल्या एनएफकेसी या रीतीनेही हे जमत नाही. हा नियम तुम्हालाच लिहावा लागतो: र, हलन्त, जॉइनर हे तिघं लागोपाठ दिसले की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त.

आणि इथेच सगळ्यात घातक सल्ला मिळतो. "न दिसणारी सगळी चिन्हं उडवून टाका, यादी स्वच्छ होईल." इंग्रजी मजकुरासाठी लिहिलेल्या सफाईच्या तयार फंक्शनमध्ये हे सर्रास असतं. दुसऱ्या रूपातल्या "दर्‍या"मधला जॉइनर उडवला की मागे "दर्या" उरतो. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याचा आचार्य होतो. आडनावात हे झालं तर माणसाचं नावच बदलतं, आणि पुढे पासबुकावर, ओळखपत्रावर तेच छापलं जातं. मला हा प्रकार मनापासून खटकतो, कारण यात कुठेही एरर येत नाही. स्क्रिप्ट सुरळीत संपते आणि नुकसान सहा महिन्यांनी कुणाच्या तरी हातातल्या कागदावर दिसतं. म्हणून आधी र चा नियम, मगच बाकीच्या अदृश्य चिन्हांची सफाई. हा क्रम उलटा चालत नाही.

एकसारखी दिसणारी बाकीची मंडळी

वकिलांची नावं असलेली कोणतीही यादी उघडा. ॲड., अॅड. आणि ऍड. ही तिन्ही सापडतील. पहिल्यात ॲ हे एकच चिन्ह आहे, यू+०९७२. ते युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं, त्यामुळे त्याआधीच्या मजकुरात ते असूच शकत नाही. तेव्हा लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत, ते दुसरं रूप. तिसरं ऍ हे यू+०९०डी. नॉर्मलायझेशन या तिघांना एकत्र आणत नाही.

"बँक" हा त्याहून रोजचा शब्द. कुणी ब वर सरळ चंद्रबिंदू देतो (यू+०९०१), कुणी आधी चंद्र आणि मग अनुस्वार देतो. पडद्यावर फरक जवळपास शून्य. लांबी एकाची ३, दुसऱ्याची ४. पतसंस्थेच्या खात्यांच्या वर्णनात हा शब्द शेकड्यांनी येतो, आणि "बँक" शोधल्यावर निम्म्याच नोंदी का येतात याचं उत्तर बहुधा इथेच असतं.

जुन्या फाँटमधून रूपांतर केलेल्या मजकुरात "आ" ऐवजी अ आणि काना असं सुटं येतं, "ओ" ऐवजी अ आणि ओकाराची मात्रा. काही फाँट ते बेमालूम जुळवून दाखवतात, काही मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ काढतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आलेली असणं आणि रफार भलत्याच अक्षरावर जाणं ही त्याच रूपांतराची लक्षणं. अशा फाइलसाठी एक छोटी तपासणी लिहून ठेवा: शब्दाच्या सुरुवातीला मात्रा, लागोपाठ दोन मात्रा, हलन्तानंतर लगेच मात्रा, स्वरानंतर मात्रा. यातलं काही सापडलं तर ती ओळ आपोआप दुरुस्त न करता वेगळी काढा आणि माणसाला दाखवा. अ वर चंद्र हा प्रकार मात्र या तपासणीतून वगळा, नाहीतर सगळे वकील त्यात अडकतील.

विसर्गाचंही तसंच. "स्वतः" मध्ये विसर्ग (यू+०९०३) हवा, पण घाईत टाइप करणारा "स्वत:" लिहितो आणि तिथे साधा कोलन बसतो. कोलनवर ओळ तोडणारी स्क्रिप्ट मग शब्दच तोडते. दंडाऐवजी (।) कीबोर्डवरची उभी रेघ टाइप केलेली असेल आणि तुमची फाइलही त्याच रेघेने रकाने वेगळे करत असेल, तर एका ओळीत अचानक एक रकाना जास्त येतो.

अदृश्य पाहुणे आणखी आहेत. झीरो विड्थ स्पेस (यू+२००बी), नॉन-जॉइनर (यू+२००सी), फाइलच्या सुरुवातीला एन्कोडिंगची खूण म्हणून येणारा बीओएम (यू+एफईएफएफ). पायथनचं स्ट्रिप फंक्शन यातलं एकही काढत नाही, कारण युनिकोडच्या वर्गवारीत ही रिकामी जागा नाही. वेबपेजवरून कॉपी करताना येणारी न तुटणारी स्पेस (यू+००ए०) टोकाला असेल तर स्ट्रिप काढतं, पण नाव आणि आडनावाच्या मधे असेल तर ती तशीच राहते. बीओएमचं एक हमखास लक्षण सांगतो. सीएसव्हीच्या पहिल्या ओळीत "नाव" असा रकाना दिसतो आहे, तरी डिक्टरीडर की-एरर देतो. पहिल्या रकान्याच्या नावाला बीओएम चिकटलेला असतो. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग दिलं की तो सुटतो.

कन्नड यादी देवनागरीत आणताना

हा भाग खास आपल्याकडचा, म्हणून जरा सविस्तर.

जिल्ह्यातल्या सरकारी याद्या कन्नडमध्ये येतात आणि मराठी वाचणाऱ्या सभासदांसाठी त्या देवनागरीत आणाव्या लागतात. भारतीय लिप्यांचे युनिकोडमधले विभाग आयएससीआयआयच्या आराखड्यावर बसवलेले आहेत. त्यामुळे देवनागरीचा क जिथे आहे (यू+०९१५), त्याच्या बरोबर ८९६ घरं पुढे कन्नडचा क आहे (यू+०सी९५). ळ, अनुस्वार, हलन्त, शून्य ते नऊ अंक, सगळ्यांचं अंतर तेच. मग प्रत्येक कन्नड चिन्हातून ८९६ वजा केले की देवनागरी तयार. दहा ओळींची स्क्रिप्ट, आणि पहिल्या नजरेला निकाल झकास दिसतो.

दिसतो, पण जुळत नाही. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए वेगळे आहेत, ओ सुद्धा. बेळगावच्या कन्नड नावात पहिल्या अक्षराला ऱ्हस्व एकार आहे. वजाबाकी केली की तो देवनागरीतल्या ऱ्हस्व एकारावर (यू+०९४६) जाऊन बसतो. त्यातून "बॆळगावि" तयार होतं. मराठीच्या "बे" मध्ये यू+०९४७ आहे. दोन मात्रांच्या आकारात किंचित फरक आहे, आणि छोट्या अक्षरात छापलेल्या यादीत तो कुणाच्याही लक्षात येत नाही. म्हणून वजाबाकीनंतर चार बदल सक्तीचे: ऎ चा ए, ऒ चा ओ, आणि त्यांच्या दोन्ही मात्रांचे तसेच.

वजाबाकीच्या आधी मजकूर एनएफसीत आणणंही सक्तीचं. कन्नडमधल्या दीर्घ एकार, दीर्घ ओकार अशा मात्रा युनिकोड दोन किंवा तीन तुकड्यांतही साठवू देतं. त्यातला दीर्घतेचा तुकडा (यू+०सीडी५) वजाबाकीत यू+०९५५ होतो, आणि ते मराठीत कधीच न लागणारं चिन्ह आहे. रूपांतरित यादीत ०९५५ किंवा ०९५६ सापडलं तर समजा, एनएफसीची पायरी राहिली आहे.

वजाबाकी फक्त यू+०सी८० ते यू+०सीएफएफ या पट्ट्यातल्या चिन्हांनाच करा. दंड सगळ्या लिप्यांसाठी देवनागरीच्याच घरात ठेवला आहे, त्यातून ८९६ वजा केले तर तो तिसऱ्याच कुठल्या तरी लिपीत जातो. जॉइनर आणि नॉन-जॉइनरही या पट्ट्याबाहेरचे. कन्नड लेखनात परक्या शब्दांच्या मधे हलन्तानंतर नॉन-जॉइनर घालण्याची रूढ पद्धत आहे, तो तसाच देवनागरीत येतो. जॉइनरची जागा तर दोन्ही लिप्यांत वेगळी आहे. मराठीत डोळ्यातल्या र साठी तो हलन्ताच्या नंतर येतो, कन्नडमध्ये "रॅंक"सारख्या शब्दातला र पूर्ण दाखवायला तो हलन्ताच्या आधी येतो. त्यामुळे वर सांगितलेला र चा नियम लिहिताना क्रम काटेकोर ठेवा. नुसतं "र च्या आसपास जॉइनर" असं शोधलंत तर कन्नडमधून आलेल्या शब्दांत नसलेला ऱ घुसेल.

एवढं सगळं केल्यावर लिपी बदलते, भाषा बदलत नाही. कन्नडमध्ये आपला चंद्र नाही, म्हणून बँक तिथून "ब्यांक्" होऊन येते आणि डॉक्टर "डाक्टर्" होऊन. गावांचं तर विचारूच नका. निपाणीची "निप्पाणि", चिकोडीची "चिक्कोडि", हुक्केरीची "हुक्केरि", येळ्ळूरचं "यळ्ळूर". गोकाक तेवढं सुखरूप येतं. यावर कोणताही नियम लिहायच्या फंदात पडू नका, असं माझं ठाम मत आहे. शेवटची वेलांटी सरसकट दीर्घ करणारा नियम काही गावं बरोबर करेल आणि काही माणसांची नावं बिघडवेल. त्यापेक्षा गावांचा कोश हातानेच करावा: डावीकडे कन्नडमधून येणारं रूप, उजवीकडे मराठीतलं. बेळगाव, बेळगांव, बेळगावी ही रूपंही त्यातच घाला. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी आहे आणि मराठी माणूस बेळगावच लिहितो, म्हणजे ही दोन्ही रूपं याद्यांत कायम राहणार. तालुक्यातली गावं मोजकी असतात. एकदा कोश झाला की वर्षानुवर्षं उपयोगी पडतो.

अंकांबद्दल एक सावधगिरी. पायथनचं इंट फंक्शन देवनागरी आणि कन्नड दोन्ही अंक बिनबोभाट स्वीकारतं, रेजेक्समधला (मजकुरातले नमुने शोधण्याच्या सोयीतला) अंकांचा वर्गही ते सगळे अंक धरतो. त्यामुळे सर्व्हे नंबर किंवा मोबाइल नंबर तुमच्या तपासणीत पास होतो आणि पुढे जावास्क्रिप्टच्या फॉर्ममध्ये किंवा बँकेच्या फाइलमध्ये अडकतो. साठवताना सगळे अंक एकाच प्रकारात आणा.

सगळं चिन्हविचिन्ह दिसत असेल तर

डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्यापुढे विचित्र चिन्हं, आणि हेच ओळभर. याचा अर्थ फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे आणि कुणीतरी ती विंडोज-१२५२, म्हणजे रोमन लिपीसाठीचं विंडोजचं जुनं एन्कोडिंग, समजून उघडली. मूळ मजकूर कोणत्या लिपीत होता तेही यावरून सांगता येतं. रेघवाल्या ए नंतर चलनाचं गोल चिन्ह किंवा जपानी येनचं चिन्ह पुन्हा पुन्हा येत असेल तर मूळ देवनागरी. त्याजागी वर चढवलेला छोटा २ किंवा ३ येत असेल तर मूळ कन्नड. ही खूण दोन्ही लिप्यांच्या पहिल्या दोन बाइटवरून पडते, म्हणून ती कधी चुकत नाही.

दुरुस्ती म्हणजे तो मजकूर विंडोज-१२५२ मध्ये एन्कोड करून यूटीएफ-८ मध्ये डीकोड करणं. पण देवनागरीत यात अडथळा येतो. विंडोज-१२५२ मध्ये पाच बाइटना काहीच नेमून दिलेलं नाही, आणि हलन्ताचा शेवटचा बाइट (८डी) नेमका त्यातला एक आहे. ऱ्हस्व उकाराचा (८१) दुसरा. म्हणजे जवळजवळ प्रत्येक जोडाक्षरावर आणि पहिल्या उकारावर पायथन अडतं. त्या पाच बाइटपुरतं लॅटिन-१ वापरणारं छोटं फंक्शन लिहिलं की सुटतं. आणखी एक: ठ चा शेवटचा बाइट ए० आहे, जो चुकीच्या वाचनात न तुटणारी स्पेस बनतो. मधल्या कुणी स्पेस साफ केल्या असतील तर "मराठी" आणि "पाठक" यांतला ठ कायमचा गेला. म्हणून असा बिघडलेला मजकूर दुरुस्त होईपर्यंत त्यावर स्ट्रिप किंवा रिप्लेस काहीही चालवू नका. आणि नुसती प्रश्नचिन्हंच दिसत असतील तर त्या फाइलमधून काही परत मिळणार नाही, मूळ प्रत मागवा.

हे मुळातच टाळायचं तर ओपन करताना प्रत्येक वेळी एन्कोडिंग लिहा. विंडोजवर ते सोडलं की पायथन मशीनचं जुनं कोडपेज धरतं. पॉवरशेल ५.१ सुद्धा बीओएम नसलेली फाइल तशीच वाचतं. एक्सेलमध्ये डबल-क्लिकने उघडायची सीएसव्ही यूटीएफ-८-सिगमध्ये लिहा, म्हणजे बीओएम बघून एक्सेल नीट उघडतं.

जुन्या फाँटचा मजकूर हे वेगळंच प्रकरण. त्यात रेघवाला ए ओळभर नसतो, साधी रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं असतात. तिथे एन्कोडिंगचे प्रयोग करून उपयोग नाही, त्या त्या फाँटचा कन्व्हर्टरच लागतो.

शब्द तोडताना, कापताना

पायथनच्या मूळ रेजेक्स मॉड्यूलमधला शब्दाचा वर्ग, म्हणजे बॅकस्लॅश डब्ल्यू, मात्रा आणि हलन्त यांना शब्दाचा भाग मानत नाही. "बेळगाव"वर फाइंडऑल चालवलं तर "ब", "ळग", "व" असे तीन तुकडे हातात येतात. इज-अल्फा फंक्शनही याच कारणाने मात्रा असलेल्या प्रत्येक नावाला नाही म्हणतं, म्हणून नाव तपासायला ते वापरू नका. जावास्क्रिप्टमध्ये तर हा वर्ग रोमन अक्षरं, इंग्रजी अंक आणि अंडरस्कोर यांच्यापुरताच आहे. उपाय सोपा: पायथनमध्ये वेगळं इन्स्टॉल करायचं रेजेक्स नावाचं पॅकेज घ्या. त्यात मात्रा शब्दातच धरल्या जातात आणि बॅकस्लॅश मोठा एक्स लिहिला की पूर्ण अक्षर मिळतं.

पूर्ण अक्षर लागतंच. "श्रीधर"चं आद्याक्षर पहिल्या स्थानावरून काढलं तर नुसता श येतो, "ज्ञानेश्वर"चा ज. रकान्यात बसवायला नाव विसाव्या चिन्हावर कापलं तर शेवटी लोंबता हलन्त राहतो किंवा पुढची ओळ ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेल्या मात्रेने सुरू होते. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडमध्ये देवनागरीसाठी २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या लायब्ररी "क्षेत्र"चे चार तुकडे करतात, नंतरच्या दोन. तुमच्याकडची आवृत्ती काय करते ते याच शब्दावर तपासून घ्या.

लिनक्सच्या कमांडमध्ये कट आणि काही प्रकारचे ऑक बाइट मोजतात, चिन्हं नाही. त्यावर मराठी कापू नका. फाइलला नाव देतानाही बाइटचीच मर्यादा असते: लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिमवर २५५ बाइट, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हं. सभासदांना मराठीत एसएमएस पाठवत असाल तर एका संदेशात ७० चिन्हं बसतात आणि त्यात मात्रा, हलन्त, न दिसणारा जॉइनर सगळे मोजले जातात.

क्रमाबद्दल थोडक्यात. साधं सॉर्ट चिन्हांच्या युनिकोड क्रमांकाप्रमाणे लावतं. त्यात ळ हा ल आणि व यांच्या मधे येतो, क्ष हा क मधे मिसळतो, आणि ॲ ने सुरू होणारी नावं ह च्याही पुढे जाऊन पडतात. युनिकोडच्या कामासाठीच्या आयसीयू या प्रोग्रॅमिंग लायब्ररीत मराठीचे क्रमाचे नियम आहेत, ते वापरा.

जुळणीसाठी वेगळा रकाना

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. मूळ नाव कधीही बदलू नका. माणसाने जसं लिहून दिलं तसं एका रकान्यात राहू द्या, छपाई तिथूनच करा. त्याच्या शेजारी जुळणीचा रकाना स्क्रिप्टने तयार करा, शोध आणि डुप्लिकेट त्यावरच चालवा. म्हणजे जुळणीच्या रकान्यात हवी तेवढी सक्ती करता येते, आणि नियम चुकला तरी कुणाचं नाव बिघडत नाही.

त्या रकान्याच्या पायऱ्या या क्रमाने. आधी एनएफसी. मग र, हलन्त, जॉइनर याचं ऱ आणि हलन्त. मग उरलेले जॉइनर, नॉन-जॉइनर, झीरो विड्थ स्पेस, बीओएम काढणं. मग ऍ आणि अ वरचा चंद्र यांचा ॲ, सुट्या अ-कान्याचा आ, सुट्या अ-ओकाराचा ओ. चंद्र आणि अनुस्वार लागोपाठ असतील तर चंद्रबिंदू. ऱ्हस्व ए-ओ आणि त्यांच्या मात्रा मराठीतल्या रूपात. अंक एका प्रकारात, सगळ्या प्रकारच्या स्पेस साध्या एका स्पेसमध्ये. गावाच्या रकान्यासाठी शेवटी कोश. माणसांच्या नावांना कोश लावू नका. "पाटील" आणि कन्नडमधून आलेलं "पाटील्" एकच आहेत की नाहीत, हे खाते क्रमांक किंवा वडिलांचं नाव बघून माणसाने ठरवावं, स्क्रिप्टने फक्त जोडी पुढे आणावी.

नियम बदलाल तेव्हा चालवायला एक छोटी चाचणी फाइल ठेवा. तिच्यात ॲड., अॅड. आणि ऍड. यांची जुळणी एकच यायला हवी. चंद्रबिंदूवाली बँक आणि चंद्र-अनुस्वारवाली बँक एकच. "बॆळगाव" आणि "बेळगाव" एकच. दऱ्या आणि दर्‍या एकच. पण दऱ्या आणि दर्या मात्र वेगळेच राहायला हवेत. ते एक झाले, तर तुमच्या स्क्रिप्टमध्ये अदृश्य चिन्हं काढणारी ओळ र च्या नियमाच्या वर गेली आहे.